डावीकडचा तिसरा पडदा

धक्क्यावर तिला सगळे काचवाली म्हणत. ती ज्यांची निगा राखायची ते पडदे मुळात काचेचे नव्हतेच. जाड, मऊ, आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचे होते. वारा आणि पाण्याचे शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून बोटीच्या छपरापासून कठड्यापर्यंत, पर्सला असते तसल्या चेनीनं बसवलेले. सुरुवातीची दोन वर्षं ती प्रत्येकाला सांगायची, "अहो, काच नाही ती." मग तिनं नाद सोडला. "काचवाली तर काचवाली. प्लॅस्टिकवाली म्हणण्यापेक्षा बरं. त्यात मी बादल्या विकते असं वाटतं."

त्याआधी बावीस वर्षं ती एका चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाईक आत आलं की ती आधी त्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघायची आणि मग माणसाकडे. चष्मा हातात घेऊन उजेडासमोर धरला की तिला चरे दिसायचे, आणि चऱ्यांवरून ती सांगायची, "किल्ल्यांच्या खिशात ठेवता ना? आणि सदऱ्याच्या टोकानं पुसता." माणूस चाट पडायचा. मालक म्हणायचा, "तू चष्मे विकायला आहेस की तपासाला?" पण मनातून तो खूश असायचा, कारण लोक आपल्या मित्रांना मुद्दाम घेऊन येत.

मालक थकला, मुलांना त्या धंद्यात रस नव्हता, आणि दुकान बंद झालं. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, नवरा बसडेपोत मेकॅनिक, दिवसभर बाहेर. चार महिने ती घरी बसली. म्हणजे बसली असं म्हणायचं. भिंतीवरचं घड्याळ मागं का पडतं ते बघायला तिनं ते उघडलं. मग इस्त्री उघडली. नवरा कामावरून आला की दारातच विचारायचा, "आज घरात काय काय शाबूत आहे?"

शेवटी तिच्या नणंदेनं मध्ये पडून हा प्रश्न सोडवला. बोटी दुरुस्त होतात त्या आवारात नणंदेची शेड होती. पत्र्याचं छप्पर, दोन मोठी शिलाई मशीनं, आणि दहा माणसं झोपतील एवढं लांब टेबल. बोटींची कापडी आच्छादनं आणि प्लॅस्टिकचे पडदे ती तिथं शिवायची. ती म्हणाली, "वहिनी, घरातल्या वस्तूंवर दया करा आणि माझ्याकडे या. शिवणं माझं, धुणं-पुसणं तुमचं."

"पुसण्यात काय एवढं," असं काचवालीला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं कोरडं फडकं घेतलं आणि बोटीवरून उतरवलेल्या पडद्याला लावणार, तोच नणंदेनं तिचं मनगट धरलं.

"थांबा, थांबा! त्याच्यावर मीठ आहे. वाळलेलं मीठ म्हणजे बारीक खडाच. तुम्ही पुसत नाही आहात, घासताय."

मग नणंदेनं सगळं दाखवलं. आधी गोडं पाणी, भरपूर, वरून खाली सोडायचं, मीठ आणि धूळ आपसूक वाहून गेली पाहिजे. मग साध्या साबणाचं पाणी, जुन्या सुती कापडानं. हात गोल फिरवायचा नाही, सरळ वरून खाली. पुन्हा पाणी. मग मऊ चामड्यानं टिपायचं. शेवटी पडद्यांचं म्हणून जे पॉलिश मिळतं त्याचा अगदी पातळ हात. हे सगळं सकाळी, सावलीत, म्हणजे साबण वाळून डाग धरत नाही. काढून ठेवताना मध्ये जुनी चादर घालून गुंडाळी करायची, घडी कधीही घालायची नाही. चेनीला मेणबत्ती घासायची.

"घडी का नाही घालायची?" काचवालीनं विचारलं.

"नाही घालायची."

"हो, पण का?"

"वहिनी, मला शिकवणाऱ्यानं सांगितलं नाही घालायची. मी पंचवीस वर्षं घातली नाही. माझं कुठं अडलं?"

काचवालीचं मात्र अडलं. तिनं टेबलाखालचा एक तुकडा उचलला, त्याची घडी घातली, वर वीट ठेवली आणि आठ दिवसांनी घडी उघडली. घडीच्या जागी पांढरी रेघ उमटली होती, ती काही केल्या जाईना. तो तुकडा तिनं नणंदेला असा नाचवत दाखवला की जणू तिला शाळेत पहिला नंबर मिळाला होता.

अशी तीन वर्षं गेली. हात बसला, धक्क्यावरच्या बोटी तिला ओळखीच्या झाल्या. त्यांच्यात सगळ्यात मोठं काम होतं ते खाडी ओलांडणाऱ्या प्रवासी बोटीचं. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, म्हणजे अठरा पडदे. दर आठवड्याला सकाळची पहिली फेरी सुटायच्या आत ती ते धुवायची.

त्या वर्षी थंडी संपता संपता त्या बोटीचा कप्तान शेडमध्ये तणतणत आला. त्याचा आवाज इंजिनावरून ऐकू जायचा, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये तो दुप्पट झाला.

"तुमच्या त्या औषधानं माझा पडदा जाळला!"

नणंदेचा मशीनवरचा पाय थांबला. "कुठला पडदा?"

"डावीकडचा तिसरा. गेल्या वर्षी तुम्हीच बदलून दिलात ना? पुन्हा तोच, पुन्हा तिथंच. धूर कोंडल्यासारखा दिसतोय."

"ते पॉलिश तर मी अठराच्या अठरा पडद्यांना लावते," काचवाली म्हणाली. "मग एकच का जळला?"

"ते मला काय विचारता? काचवाल्या तुम्ही. पंधरा दिवस देतो. पंधरा दिवसांत काय ते सांगा, नाहीतर माझी बोट पलीकडच्या काठावरच्या कारखान्यात जाईल." एवढं बोलून तो निघून गेला.

नणंद कपाळाला हात लावून बसली. बारा वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते, आणि धक्क्यावर एकाची बोट गेली की ते दहा जणांच्या तोंडी होतं. तिनं मान वर केली तर वहिनीबाईंचे डोळे चमकत होते.

"वहिनी! आपलं हातचं काम चाललंय आणि तुम्हाला आनंद कसला होतोय?"

"आनंद कुठं हो, वन्सं," काचवाली म्हणाली, पण तिनं पदराला हात पुसले होते आणि चपला पायात घातल्याही होत्या.

डाग बशीएवढा होता. पहाटेच्या अंधुक उजेडात धुताना तो तिच्या नजरेतून सुटला होता. मधोमध दुधाळ, कडेला किंचित पिवळा. बोटानं दाबलं तर तेवढीच जागा टणक लागत होती, बाकीचा पडदा नेहमीसारखा लवचीक. तिच्याकडे दुकानातलं एक छोटं भिंग होतं, डोळ्याला लावून बघायचं. ते लावून तिनं नाक पडद्याला टेकवलं. बारीक बारीक चरे दिसले, सगळे कमानीसारखे वाकलेले, एकात एक. म्हणजे कुणीतरी गोल हात फिरवून पुसत होतं. तिचा हात नव्हता तो, तिचा हात सरळ फिरायचा. आणि चरे होते आतल्या बाजूनं.

तिनं खलाशाला विचारलं, "तुम्ही पुसता का हो हा?"

"मला काय वेड लागलंय? तुम्ही येता म्हणून मी त्या पडद्यांकडे वळूनसुद्धा बघत नाही."

ती पडद्यासमोरच्या बाकावर बसली. डाग तिच्या कपाळाच्या जरा वर येत होता. आपल्यापेक्षा उंच माणूस, तिनं मनाशी म्हटलं.

घरी जेवताना तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो मेकॅनिक, त्यानं आपल्या परीनं विचार केला. "धुराचा पाइप कुठून जातो? तापलेल्या लोखंडाजवळ प्लॅस्टिक टिकत नाही."

"उजवीकडून जातो. मागून. बघून आले."

"मग डोकं टेकून झोपत असेल कोणी. केसांचं तेल."

"डोकं गोल गोल फिरवत झोपतो का माणूस?"

"तुझ्याशी कोण वाद घालणार," तो म्हणाला आणि त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला. पण दुसऱ्या दिवशी डेपोत जाताना तोच म्हणाला, "बोटीतून फिरून बघ की दोन-चार दिवस. बसल्या जागी कसं कळणार?"

ती सात दहाच्या फेरीला चढली. त्या फेरीला रोजची माणसं असतात, असं खलाशानं सांगितलं होतं. नीट लक्ष ठेवता यावं म्हणून ती थेट तिसऱ्या पडद्यासमोरच जाऊन बसली. बोट सुटायच्या बेतात एक उंच, वाकलेला म्हातारा काठी टेकत आला, खांद्याला कापडी पिशवी. तो तिच्यापाशी येऊन थांबला. बाजूला चार बाक रिकामे होते.

"आपण पलीकडे जाईपर्यंत इथंच बसणार का?"

"हो. का?"

"काही नाही, काही नाही."

तो मागच्या बाकावर बसला. खाडीच्या मध्यावर बोट आली तेव्हा तो एकाएकी उठला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बाहेर बघू लागला. त्याची पिशवी तिच्या कानावर आपटली. "माफ करा हं," असं पुटपुटत तो परत जाऊन बसला, खूप काहीतरी हुकल्यासारखा चेहरा करून. काय एकेक माणसं असतात, असं तिला वाटलं. पलीकडे उतरून ती परतीच्या फेरीनं आली. कुणीही पडद्याला हात लावला नव्हता.

शेडकडे चालत जाताना अर्ध्या रस्त्यात ती उभी राहिली. मागून येणारा हातगाडीवाला ओरडला, "बाई, चाला की!" पण तिचे पाय जमिनीला चिकटले होते. चोराची जागा अडवून ती चोराची वाट बघत बसली होती.

नणंदेला सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की तिला मशीन थांबवावं लागलं. "बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि समोरचं दिसेना!"

दुसऱ्या दिवशी काचवाली उजव्या बाजूला बसली, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, बाजाराला निघालेल्या बाईसारखी. म्हातारा आला. आपली जागा मोकळी बघून त्याचा चेहरा खुलला. काठी त्यानं दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. बोट धक्क्यापासून जरा लांब गेली तशी त्यानं खिशातून एक लहानशी निळी बाटली काढली, पडद्यावर दोनदा फुसफुस केलं, आणि पिवळ्या मऊ फडक्यानं पुसायला लागला. गोल, गोल, अगदी मन लावून. नंतर त्याच फडक्यानं चष्मा पुसला.

वास तिच्यापर्यंत आला आणि तिनं तो लगेच ओळखला. चष्म्याची काच पुसायचं पाणी होतं ते. त्यात स्पिरिट असतं, काचेला चांगलं आणि या प्लॅस्टिकला घातक. ती बाटली तिनं बावीस वर्षं विकली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात देताना सांगितलं होतं, दोनदा मारा आणि गोल पुसा.

खाडीच्या मध्यावर जुन्या पुलाचा एकच दगडी खांब उरला होता. पूल केव्हाच पडलेला, खांब तेवढा पाण्यात उभा. त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उभी मोजपट्टी रंगवलेली होती. खांब जवळ येताच म्हातारा पुढं झुकला. त्याचे ओठ हलले. खांब मागं पडला तसं त्यानं पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि सैल होऊन बसला. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम.

आता तिला त्या डागापेक्षा त्या वहीची उत्सुकता लागली. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, काय लिहिलंत?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "काल तुम्हीच माझ्या जागेवर होता."

"हो. चुकलंच माझं. काय लिहिता पण?"

"पाणी," तो म्हणाला. "खांबावर पाणी कितीवर आहे ते."

बंदराच्या खात्यात तो एकतीस वर्षं पाण्याची पातळी वाचायला होता. रोज ठरलेल्या वेळी त्या खांबावरचा आकडा बघायचा आणि ऑफिसात कळवायचा. मग तिथं यंत्र बसलं. यंत्र दर सहा मिनिटांनी आकडा पाठवतं, कुणी बघायला लागत नाही. पलीकडच्या काठावर त्याची मुलगी राहायची, तिच्याकडे तो रोज सकाळी चहाला जायचा, आणि बोट खांबाजवळून जायची.

"आता कुणाला हवा असतो हा आकडा?"

"आधी ऑफिसला हवा होता. आता मला हवा असतो." मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण दिसायला नको का? या पडद्याची काय दशा करून ठेवलीये बघा. मी रोज पुसतो, तरी दिवसेंदिवस अंधुकच. गुडघ्यामुळं मला बाहेर उभं राहवत नाही. परवा मी तक्रार लिहिलीये." त्यानं वहीतून घडी केलेला कागद काढला आणि चष्मा सारखा करून वाचला, "सदर बोटीवरील डावीकडील तिसऱ्या पडद्याची स्वच्छता राखण्यात संबंधित कर्मचारी सातत्याने हयगय करीत असून..."

"काका," ती म्हणाली, "संबंधित कर्मचारी मीच."

त्यानं कागद खाली केला.

तिनं मग त्याला सगळं सांगितलं, शक्य तितक्या हळू आवाजात. स्पिरिटनं या प्लॅस्टिकचा मऊपणा निघून जातो, ते कडक होतं, दुधाळ होतं. दुधाळ दिसलं की तो जास्त फवारतो, म्हणजे ते आणखी दुधाळ होतं. त्यात गोल पुसण्यानं मिठाचे चरे. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं बाटली हातात फिरवून बघितली, कुणी आपल्या खिशात चोरीचा माल ठेवावा तशी.

"म्हणजे आधीचा पडदा पण मीच..."

"तुम्ही एकटे कुठले? दोनदा मारा आणि गोल पुसा, हे मीच हजार लोकांना शिकवलंय. तुम्हाला माझ्यासारखीच कुणीतरी शिकवलं असेल."

कप्तानाला कसं सांगायचं याचा ती विचार करत होती, पण बोट काठाला लागताच म्हातारा काठी टेकत सरळ चाकापाशी गेला. ती मागोमाग धावली.

"कप्तानसाहेब," तो ताठ उभा राहून म्हणाला, "डावीकडचा तिसरा पडदा मी खराब केला. दोन्ही वेळा. या बाईंचा काही दोष नाही."

कप्तानानं चाक सोडलं. त्याचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "अहो पण, आजोबा, का?"

म्हाताऱ्यानं वही उघडून दाखवली. कप्तानानं एक पान बघितलं, दुसरं बघितलं, मग उलटसुलट चाळत बसला. उतारू खोळंबले. "हा दिवस," तो एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "या दिवशी माझी बोट गाळात रुतली होती. इंजिनाला दोष देत होतो मी. पाणीच नव्हतं की!"

"नव्हतंच," म्हातारा म्हणाला. "मी तुम्हाला त्या दिवशी सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, जागेवर बसा."

नवा पडदा शिवायला घेतला तेव्हा काचवाली नणंदेला म्हणाली, "वन्सं, याच्यात एक छोटी खिडकी करता येईल? वहीएवढी. तीन बाजूंनी चेन, वर गुंडाळून अडकवता येईल अशी."

"खिडकीत खिडकी? पाणी शिरेल."

"वरून पट्टी दिली तर?"

नणंदेनं सुई तोंडात धरली, म्हणजे ती विचार करत होती. "पट्टी दुहेरी द्यावी लागेल," ती सुई काढून म्हणाली. "आणि चेन उलटी. तुम्ही मला सुखानं जगू देणार नाही, वहिनी."

कप्तान आधी कुरकुरला. उद्या प्रत्येक जण आपापली खिडकी मागेल, आणि लाटा असताना कोण बंद करणार? पण खिडकी बसली, आणि पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यानं ती उघडली तेव्हा आपण फक्त वळण घेतोय असं दाखवत कप्तानानं बोट खांबाच्या चार हात जवळून नेली. काचवाली त्या फेरीला मुद्दाम होती.

"दोन मीटर चाळीस," म्हातारा म्हणाला. मध्ये काहीच नव्हतं, नुसता वारा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते वाऱ्यानं आलं असं त्यानं सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात तो तिला म्हणाला, "आज तुम्ही वाचा."

"दोन तीस," ती म्हणाली.

"चूक. लाट वर होती तेव्हा वाचलंत. वरचं बघा, खालचं बघा आणि मधलं धरा."

तिला ते जमायला महिना लागला. त्यानंतर आठवड्यातून एकदा, पडदे धुऊन झाले की ती सात दहाच्या फेरीनं उगाच पलीकडे जाऊन यायची. दोघं आधी मनातल्या मनात आकडा धरत आणि मग एकदम बोलत.

काढलेला जुना पडदा नणंद टाकून देणार होती. काचवालीनं तो गुंडाळून घरी नेला. स्पिरिटनं हे झालं, मग बाकीच्यांनी काय होत असेल? तिनं त्याच्या चांगल्या भागातून तळहाताएवढे चौकोन कापले, चोवीस, आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. एकाला व्हिनेगर, एकाला रॉकेल, एकाला दात घासायची पेस्ट, एकाला डासांसाठी अंगाला लावायचं मलम, एकाला उन्हासाठी चोळतात ते क्रीम. एक वर्तमानपत्रानं पुसला, एक भांड्यांच्या घासणीनं. एक नवऱ्याच्या दाढीनंतरच्या पाण्यानं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात कागदाची चिठ्ठी.

"मी जेवू कुठं?" नवऱ्यानं विचारलं.

"आठवड्याचा प्रश्न आहे."

तो प्रश्न चार महिन्यांचा झाला. दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवत. एके दिवशी ती बाजारातून आली तर नवरा तिचं भिंग डोळ्याला लावून टेबलावर ओणवा झालेला. "हे डासांचं मलम बघ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझ्या बोटाचा ठसा उठलाय. रेघ न् रेघ दिसतेय. आणि पुसला तरी जात नाही!" त्यानंतर डेपोतून तो कसली कसली तेलं आणायला लागला, त्यांनी काय होतं ते बघायला.

निकाल सगळे तिच्या अंदाजाप्रमाणे लागले नाहीत. व्हिनेगर म्हणजे विष, असं नणंद पहिल्या दिवसापासून सांगत आली होती. पण भरपूर पाणी मिसळून लावलेल्या व्हिनेगरनं वाळलेल्या थेंबांचे डाग निघाले, आणि लगेच धुऊन टाकलं तर चौकोन चारही महिने जसाच्या तसा राहिला. नणंदेला ते दाखवलं तेव्हा ती आठवडाभर त्या विषयावर बोललीच नाही. मग एका सकाळी काचवालीच्या लक्षात आलं, शेडमधल्या बादलीला व्हिनेगरचा वास येत होता.

चोवीस चौकोन तिनं एका फळीवर ठोकून शेडच्या दाराशी लावले, खाली मोठ्या अक्षरांत कशानं काय झालं ते लिहून. बोटवाले येता-जाता थांबायला लागले. कुणी दाढीच्या पाण्याच्या चौकोनापाशी उभं राहून आपल्या भावाला शिव्या द्यायचं, कुणी घासणीच्या चौकोनाकडे बघून मुकाट्यानं निघून जायचं. पलीकडच्या काठावरचा कारखानदारही एकदा बघून गेला, आपण कोण ते न सांगता. तो गेल्यावर नणंदेनं सांगितलं. काचवाली म्हणाली, "मग चहा तरी विचारायचा होतात."

म्हातारा पुढं दोन वर्षांनी मुलीकडेच राहायला गेला. गुडघ्यांनी बोटीच्या पायऱ्यांना नकार दिला होता. मुलीच्या घरामागं एक लहानसा ओढा आहे आणि बाबांनी त्यात काठी रोवून तिच्यावर रेघा मारल्यात, असं मुलगी एकदा शेडमध्ये येऊन सांगून गेली. हसत होती, पण जरा वैतागलीही होती, कारण रोज सकाळी चहा तेवढ्यासाठी थांबतो.

काचवाली आता साठीला आली आहे. खांदा दुखतो म्हणून उंच पडदे ती उतरवून टेबलावर धुते. परवा एक बाई शेडमध्ये आली, आपल्या शिडाच्या बोटीवरचा पडदा काखेत गुंडाळून. कुणीतरी तिला फळीबद्दल सांगितलं होतं. तिनं पडदा टेबलावर पसरला. त्याच्यावर गुलाबी ठिपके होते, कुंकवाची चिमूट शिंपडल्यासारखे, आणि सगळे एकाच कोपऱ्यात.

"हे कशानं?" बाईनं विचारलं.

काचवालीनं बोट फिरवून पाहिलं. खरखर नाही. ओल्या कापडानं पुसलं. जाईना. उजेडासमोर धरलं, तर ठिपका वरही नव्हता आणि खालीही नव्हता, प्लॅस्टिकच्या आत होता. नणंदेनं मशीन थांबवून मान लांबवली.

"मला माहीत नाही," काचवाली म्हणाली, आणि बसायला स्टूल पुढं ओढलं. "बसा तुम्ही. घाई नाही ना? पडदा काढून कुठं ठेवला होता, कशात गुंडाळला होता, आणि जवळ आणखी काय काय होतं? अगदी पहिल्यापासून सांगा."